घाट, गठ्ठे आणि दोन पिकअप: ट्रॉली ओढण्याच्या नोंदी

५ ऑक्टोबर

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर दोन आठवड्यांनी मीच भरकटेन. चाऱ्याचे गोल गठ्ठे, एका खेपेला दहा. शेतापासून साठवणीच्या शेडपर्यंत ६२ किलोमीटर, मध्ये एक घाट: सलग पाच किलोमीटर, सरासरी सहा टक्के चढ. यंदा चाळीस खेपा करायच्या आहेत. ट्रॉली दोन ॲक्सलची, चार चाकांची, रिकामी १,२४० किलो आणि भरून जास्तीत जास्त ५,००० किलो. ओढायला दोन पिकअप आहेत. माझी पेट्रोलवरची, आठ सिलिंडर, टर्बो नाही. दादाची डिझेलवरची, सहा सिलिंडर, टर्बो. दोन्हींचा सांगाडा आणि मागचा ॲक्सल एकच.

ठरवायचं आहे ते एवढंच: माझी विकून मीही डिझेल घ्यावी का? दादाचं उत्तर तयार आहे. "पेट्रोलला ट्रॉली लावणं म्हणजे शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपणं." मी म्हटलं, दादा, आधी मोजू या.

६ ऑक्टोबर

आज नुसता कागदावरचा हिशेब. गाडी, ट्रॉली आणि माल मिळून आठ टन धरले. सहा टक्के चढावर हे वजन मागे ओढतं ते साधारण ४,७०० न्यूटनने. ताशी ६० ने चढायचं तर त्यालाच ७८ किलोवॉट लागतात. टायरांच्या रेट्यात आणखी १६, वाऱ्याला १४. चाकांपाशी झाले १०८. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आपला वाटा कापून घेतात, तो धरून इंजिनाने द्यायचे १२७ किलोवॉट, म्हणजे सुमारे १७० हॉर्सपॉवर.

एवढी ताकद दोन्ही गाड्यांत आहे. फरक आहे तो ती कशी मिळते यात. १,८०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) १२७ किलोवॉट हवे असतील तर ६७४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो, तो टर्बो डिझेलच्या आवाक्यातला. तेच ४,५०० आरपीएमला हवे असतील तर २७० न्यूटन-मीटर पुरतात, आणि तेवढा माझं पेट्रोल इंजिन आरामात देतं. डिझेल दमदार पावलं टाकत चढणार, पेट्रोल धावत. वर दोघंही पोचणार.

इथे लोकांचा (माझाही) एक गोंधळ असतो. टॉर्क जास्त म्हणजे गाडी घाट वेगात चढेल असं वाटतं. वेग ठरवते हॉर्सपॉवर. १९८९ साली डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसवायला सुरुवात झाली. त्याचा टॉर्क ५४२ न्यूटन-मीटर आणि हॉर्सपॉवर फक्त १६०. वरच्या हिशेबाने ते इंजिन माझ्या घाटात साठाला थोडं कमीच पडलं असतं. तरी ओढणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं, कारण सतत गिअर पाडावे लागत नव्हते.

८ ऑक्टोबर

पहिली खेप, पेट्रोलने. चढाचं काही लिहिण्याआधी उताराचं लिहितो, कारण हात अजून थरथरतायत.

घाट उतरून सरळ रस्त्याला लागलो होतो, थोडा उतार होता, वेग ८०. शेजारून मोठा ट्रक पुढे गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रॉलीचं शेपूट हललं. एकदा हललं ते थांबेना. डावीकडे, उजवीकडे, दर झोक्याला जास्त. आरशात ट्रॉलीची एकदा ही बाजू दिसायची, एकदा ती. पाय आपोआप ब्रेककडे जात होता, कसाबसा आवरला. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रॉलीचे ब्रेक लावले. ट्रॉली मागून ताणली गेली तशी सरळ झाली. पुढच्या गाडीचे ब्रेक मारले असते तर मागून ट्रॉलीने ढकललं असतं आणि झोका वाढला असता.

बाकीचं अंतर ताशी ५० ने. उद्या काट्यावर.

९ ऑक्टोबर

वजनकाट्यावर चार वेळा वजन केलं. काट्यावरच्या माणसाला वाटलं मी पावतीवरून भांडायला आलोय.

नुसती पिकअप, दोन माणसं, हत्यारं: ३,०५० किलो.
ट्रॉली जोडलेली, पण काट्यावर फक्त पिकअप: ३,४३०.
ट्रॉली जोडलेली, काट्यावर फक्त ट्रॉलीची चाकं: ४,५००.
पिकअपचा पुढचा ॲक्सल वेगळा, ट्रॉली न जोडता: १,६००.

पहिली गोष्ट. ट्रॉलीचं एकूण वजन ४,८८० निघालं. मी गठ्ठा ३०० किलोचा धरत होतो, तो निघाला ३६४ चा. चारा पुरता वाळलेला नव्हता, दर गठ्ठ्यात ६४ किलो मी न धरलेलं वजन होतं. ट्रॉलीची मर्यादा ५,००० आहे, म्हणजे काठावर वाचलो. "अंदाजे" हा शब्द या वहीतून आजपासून बाद.

दुसरी गोष्ट हिच-बॉलवरचा दाब, म्हणजे पिकअपच्या मागे ट्रॉली जोडायचा जो लोखंडी गोळा असतो त्यावरचा. ३,४३० मधून ३,०५० गेले की उरतात ३८०. ट्रॉलीच्या वजनाच्या हे पावणेआठ टक्के झाले. अशा मागे जोडलेल्या ट्रॉलीला दहा ते पंधरा टक्के हवेत. बैलगाडीवाल्या कुणालाही हे काट्याशिवाय कळलं असतं: गाडी उलाळ भरली होती. माल मागे गेला की जू वर उचलतं आणि बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. इथे बैलांच्या जागी पिकअपचा मागचा ॲक्सल, एवढाच फरक.

१० ऑक्टोबर

माल पुढे सरकवला. किती, ते आधी काढलं. बॉलपासून ट्रॉलीच्या दोन ॲक्सलांच्या मध्यापर्यंत ४.८ मीटर. बॉलवर आणखी २६० किलो हवेत. ३,६४० किलो माल सरकवायचा, तर सगळा ३४ सेंटिमीटर पुढे. दोर बांधायला पुढे हातभर जागा मोकळी सोडली होती, तीच खाल्ली. पुन्हा काटा: बॉलवर ६४०, म्हणजे तेरा टक्के. परत येताना ८० ला मुद्दाम स्टिअरिंग किंचित हलवून पाहिलं. ट्रॉली एकदा डुलली आणि गप्प बसली.

पण एक बिघडलं. पुढचा ॲक्सल १,६०० वरून १,३८५ वर आला. बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२५ मीटर मागे आहे, त्यामुळे तिथला भार तरफेसारखा नाक वर उचलतो. स्टिअरिंग हलकं लागत होतं, रात्री दिवे झाडांवर पडले असते. दादाकडे भार वाटणारी हिच पडून होती, दोन बाजूंना लोखंडी दांडे असतात ती. ती लावली. साखळीच्या कड्या एकेक घट्ट करत पुढचा ॲक्सल १,५१० वर आणला. पूर्ण १,६०० वर आणायचा हट्ट केला नाही. दांडे जास्त ताणले की मागची चाकं हलकी होतात, आणि ओढायचं तर त्यांनीच आहे.

११ ऑक्टोबर

छोटी नोंद, पण लाल शाईत. दादाच्या गाडीवरचा बॉल दोन इंची, ट्रॉलीचा कपलर (बॉलवर बसणारी टोपी) २ पूर्णांक ५/१६ इंचाच्या बॉलसाठीचा. कपलर बसतो, खिटी पडते, पिनही जाते. सगळं बरोबर दिसतं. पहिल्या खड्ड्यात सुटलं असतं. जोडल्यावर ट्रॉलीचा जॅक पुन्हा खाली फिरवून कपलर वर ढकलून पाहायचा. पिकअपचं बूड वर आलं तर पकडलंय. आज नुसता कपलर वर आला.

बॉल बदलला. साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या घातल्या. कपलर सुटलाच तर दांडी त्या फुलीच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

१४ ऑक्टोबर

पेट्रोल, दहा गठ्ठे, घाट चढताना. बाहेर ३१ अंश.

पायथ्याशी ताशी ६०, तिसरा गिअर, ४,३०० आरपीएम. मध्यावर ५७. गिअरबॉक्सचं तेल ८८ वरून ११३ अंशांवर गेलं, १२० ला थांबायचं ठरवून ठेवलं होतं. इंजिनाचं पाणी जागचं हललं नाही. आवाज मात्र असा की शेजारी बसलेला पुतण्या दोनदा म्हणाला, "काका, फुटणार नाही ना?"

नाही फुटणार. पेट्रोल इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांतच असते. त्याला तिथे जाऊ न देता वरच्या गिअरमध्ये रेटत ठेवणं जास्त वाईट. मला स्वतःला मात्र हे पटवून घ्यायला तीन खेपा लागल्या. कान ऐकत नाहीत.

घाटमाथ्याकडे दम थोडा कमी वाटला, तो भास नाही. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटर उंचीला साधारण तीन टक्के ताकद गमावतं, कारण हवा विरळ होते. पायथा ६०० मीटरवर, माथा ९०० वर. समुद्रसपाटीच्या मानाने माथ्यावर नऊएक टक्के गेले.

१६ ऑक्टोबर

डिझेल, तोच माल, तोच घाट, ३० अंश. पाचवा गिअर, १,९०० आरपीएम, ६० वर क्रूझ लावला तो माथ्यापर्यंत तसाच. गिअरबॉक्स ९४ अंश. गप्पा मारत गेलो. टर्बो हवा कोंबतो म्हणून उंचीचा परिणाम जाणवला नाही. दादा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. त्याहून बोललेलं परवडलं असतं.

ओढण्याच्या क्षमतेचे जाहिरातीतले आकडे कुठून येतात हेही आज त्याला सांगितलं. जे २८०७ नावाचं एक मानक आहे. त्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनामधला डेव्हिस डॅमचा चढ, सुमारे १८ किलोमीटर, ३८ अंशांच्या उन्हात, एसी चालू ठेवून चढावा लागतो आणि मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या पिकअपला वेग ताशी ६४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणजे आकडा अगदीच हवेतला नसतो. पण त्या आकड्याच्या आधी दुसरा आकडा संपतो. तो उद्या.

१७ ऑक्टोबर

दाराच्या चौकटीवरचं लेबल कुणी वाचत नाही. आम्हीही वाचलं नव्हतं.

दोन्ही गाड्यांचं भरलेलं कमाल वजन सारखंच आहे, ३,९६०. माझी रिकामी २,७८०, दादाची ३,१००. डिझेल इंजिन, त्याला पेलणारा गिअरबॉक्स, मोठा रेडिएटर, सगळंच जड. तर अंगावर घ्यायला माझ्या गाडीला ११८० किलो उरतात, त्याच्या गाडीला ८६०. बॉलवरचा भार गाडीच्या अंगावरचाच भार असतो, तो "ओढलेल्या" वजनात धरून विसरता येत नाही.

दादाची गाडी हिचच्या दांड्यांसकट काट्यावर घातली: ३,९९०. तीस किलो जास्त. माझी त्याच मालाला ३,६७०.

दोघंही काही वेळ काटा पाहत उभे. ज्या गाडीला घाटात घाम फुटला नाही तीच मर्यादेबाहेर, आणि जी ओरडत चढली तिच्याकडे २९० किलो शिल्लक. दादा म्हणाला, "तीस किलोने काय होतंय." मग स्वतःच म्हणाला, "पुतण्याला उतरवू." पुतण्या ७० किलोचा आहे. पण त्याच्याशिवाय गठ्ठे कोण बांधणार? त्यापेक्षा दादाच्या गाडीला नऊ गठ्ठे न्यायचे ठरलं.

१९ ऑक्टोबर

उतार. मला विचाराल तर सगळ्या प्रकल्पात हेच खरं काम आहे, चढाचं कौतुक उगाच होतं. चढताना ताकद संपली तर गाडी हळू होते, एवढंच.

हिशेब उलटा करायचा. आठ टन, सहा टक्के, ताशी ६०. गुरुत्वाकर्षण ७८ किलोवॉट ढकलतं, टायर आणि वारा मिळून ३० खातात. उरलेले ४८ कुणीतरी गिळायचे, सलग पाच मिनिटं. सगळे ब्रेकवर टाकले तर त्या उष्णतेत साडेपाच लिटर थंड पाण्याची पार वाफ होईल. ती उष्णता डिस्क, ड्रम आणि लायनरमध्ये साठते.

पेट्रोल: खालचा गिअर, इंजिनाच्या फेऱ्या वर. पाय उचलला की थ्रॉटलची झडप मिटते, इंजिन बंद नळीतून हवा ओढायला झगडतं आणि गाडीला मागे धरतं. डिझेलला हवा अशी कोंडायची सवय नाही, नुसता पाय उचलला तर ते मोकळंच फिरतं. म्हणून त्याला एक्झॉस्ट ब्रेक हवा. दादाच्या गाडीत टर्बोची पाती मिटून धूर अडवला जातो. बटण दाबलं की गाडी मागून कुणी धरल्यासारखी. पूर्ण घाटात ब्रेकला तीनदा पाय लावला. मला पेट्रोलने अकरा वेळा लावावा लागला, दर वेळी थोडा वेळ जोरात दाबून सोडला. हलका पाय ठेवून घासत राहिलं की ब्रेक तापून निकामी होतात.

खाली पोचताच दुरून तापमान मोजणारी बंदूक लावली. पेट्रोलच्या पुढच्या डिस्क २१०, डिझेलच्या १२०. इथे दादाच्या गाडीला पूर्ण गुण.

आणि ट्रॉलीचे ड्रम: १५०, १४६, १५२, ४८. मागचं डावं चाक थंडगार. ते ब्रेकच लावत नव्हतं. ८ तारखेला कळ दाबली तेव्हा तीन चाकांवर वाचलो होतो.

२० ऑक्टोबर

विजेच्या ब्रेकचा चुंबक प्रत्येकी साधारण तीन अँपिअर घेतो, चार चाकांचे बारा व्हायला हवेत. मीटर लावला: नऊ. बरोबर एक चाक गायब. ॲक्सलवरून जाणारी तार पाट्याला घासून तुटली होती, आतली तांब्याची जर हिरवी पडलेली. मिस्त्रींनी नवी तार रबरी नळीतून फिरवली, अर्थिंगचा बोल्ट घासून लख्ख केला. मीटर: ११.८.

लगेच दुसरी परीक्षा. ट्रॉली सुटली तर ओढली जाणारी पिन उपटून पाहिली, म्हणजे ट्रॉलीवरच्या छोट्या बॅटरीने चाकं आवळायला हवीत. आवळली नाहीत. बॅटरी मेलेली. किती दिवस, देव जाणे. नवी बसवली.

चारही चाकं लागायला लागल्यावर कंट्रोलरचं जुनं माप चुकीचं ठरलं. मोकळ्या जागेत ताशी ४० ला फक्त ट्रॉलीचे ब्रेक लावत आकडा वाढवत नेला, चाकं घसटायला लागली तिथून एक घर मागे. भरलेली ६.५, रिकामी ३. दोन्ही आकडे डॅशबोर्डवर चिकटवले.

२४ ऑक्टोबर

पाऊस, खेप नाही. टायर पाहिले. नक्षी भरपूर, पण बाजूवर कोरलेला आकडा २३१७, म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. ट्रॉलीचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्या म्हातारे होतात. बगलेत बारीक भेगा आहेत. चारही बदलायचे.

२७ ऑक्टोबर

गठ्ठे भरताना दादाची गाडी पाऊण तास चालूच होती, एसीसाठी. डिझेलच्या धुराच्या गाळणीत काजळी साठली आणि गाडीने ती जाळायची तयारी दाखवली, डॅशबोर्डवर दिवा. त्या वेळी गाळणीतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. गाडी उभी होती चाऱ्याच्या भुशावर, नळीचं तोंड जमिनीपासून हातभर.

पुतण्याने दिवा पाहिला आणि ओरडला. गाडी उघड्या मातीवर नेली, तिथून थेट रस्त्यावर, अर्धा तास चालवून ते काम पुरं होऊ दिलं. आता भरताना इंजिन बंद, आणि आग विझवायचा सिलिंडर दोन्ही गाड्यांत.

माझ्या गाडीचं बाकी वर्षभराचं काम यात कुठे बसतं ते मग डोक्यात आलं. तीन किलोमीटर जायचं, थांबायचं, पाच किलोमीटर यायचं. अशा तुटक चालीत गाळणी तापतच नाही, काजळी साठत राहते. वर धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी, डिझेलमधलं पाणी काढायचा फिल्टर. खेपा करणाऱ्या गाडीला हे परवडतं. घिरट्या घालणाऱ्या गाडीला हे नसते उद्योग.

२ नोव्हेंबर

इंधन, दहा खेपांच्या सरासरीने, दर शंभर किलोमीटरला. पेट्रोल: भरलेली ४१ लिटर, रिकामी २४. डिझेल: २७ आणि १७. जाऊन येऊन एक खेप म्हणजे पेट्रोल ४० लिटर, डिझेल २७. एक लिटर डिझेलमध्ये मुळात ऊर्जाच दहा-बारा टक्के जास्त असते. बाकीचा फरक इंजिनाच्या काटकसरीचा.

पण दादाला नऊच गठ्ठे न्यायचेत, म्हणजे चाळीसच्या जागी पंचेचाळीस खेपा. चाळीस खेपांचं पेट्रोल १,६०० लिटर, पंचेचाळीस खेपांचं डिझेल १,२२० च्या आसपास. बचत आहेच. वर्षातून एकदा, या एका कामापुरती.

५ नोव्हेंबर

माझी पेट्रोल ठेवतोय. घाटात ताशी ५०, घाई नाही. शक्य तेवढ्या खेपा दादाची गाडी करेल, उतारावर तिच्यात मी निर्धास्त असतो. तिचं काम अडलं तर माझी. दादा म्हणतो मी हरलो. मी म्हटलं, तुझ्या गाडीला एक गठ्ठा कमी लागतो, ते आधी बघ.

नवे टायर चढवून आज १०० किलोमीटर झाले. नटांना पुन्हा टॉर्कचा पाना लावला. मागच्या उजव्या चाकाचे दोन पाव आटा फिरले, बाकी घट्ट. बेअरिंगना हात लावून पाहिला, चारही कोमट. पुढची खेप उद्या सहाला, नऊ गठ्ठे, दादा चालवणार.